वाट सरकलेलं गाव

संपादकांनी विषय सांगितला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं बहुधा लडाख असावं, नाहीतर मंगोलियातलं एखादं खेडं. डोंगर जवळ, पुढं मोकळं गवताळ रान आणि त्यांच्या मध्ये एक छोटं, निवांत गाव. तिथं जाऊन या आणि लिहा. असली रानं आपण शाळेच्या भूगोलात पाठ केलेली असतात. आशियात स्टेप, उत्तर अमेरिकेत प्रेअरी, दक्षिण अमेरिकेत पंपास. जोड्या लावा, गुण पाच. त्या जोड्यांत मराठवाड्याचा माळ कधी आला नाही. त्यामुळे तो मुद्दाम बघायला जावं असंही कुणाला सुचलं नाही. मी म्हटलं, भोकरदनला जातो. त्यांनी विचारलं, "तिथं काय आहे?"

भोकरदनमध्ये पोचल्यावर हाच प्रश्न मला तिथल्या लोकांनी विचारला. चहाच्या टपरीवर, पंचायत समितीच्या बाहेर, लॉजच्या काउंटरवर. अजिंठ्याला निघालेला माणूस सिल्लोडवरून परस्पर जातो आणि साखरपुड्याला आलेला माणूस संध्याकाळी परततो. नुसतं बघायला म्हणून कुणी इथं उतरत नाही.

जालन्याहून गाडी राजूरमार्गे येते. शहर सुटताना लोखंडाचे कारखाने आणि बियाणे कंपन्यांच्या पाट्या दिसतात, मग राजूरचं गणपतीचं टेकाड. गणपतीची साडेतीन पीठं मोजतात, त्यातलं हे एक. अंगारकीला ही सगळी वाट माणसांनी भरून जाते. एरवी बसमधल्या बायका खिडकीतूनच हात जोडतात. राजूर मागं पडलं की दोन्ही अंगांना मका, सोयाबीन, कपाशी, आणि त्यांच्या अधूनमधून कुणी न नांगरलेला मुरमाड पट्टा. त्यावर गुडघ्याएवढं गवत, चार बाभळी, एखादा हिवर.

तिथं हिंडून-फिरून माझं एक मत झालं, ते आधीच सांगून टाकतो. हे गाव स्वभावानं शांत नाही. माणसांची आणि मालाची वाट त्याच्या अंगावरून जात होती तोवर ते गजबजलेलं होतं. वाट सरकली आणि गाव निवांत झालं. आता ती वाट परत यायच्या बेतात आहे.

पाठीकडून दिसणारा डोंगर

अजिंठ्याची रांग भोकरदनच्या उत्तरेला आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विरस होतो. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या माणसाला हा डोंगर म्हणजे क्षितिजावर ओढलेली निळसर, सपाट माथ्याची रेघ वाटते. त्याचं कारण असं की आपण त्याच्याकडं पाठीमागून बघत असतो. ही रांग म्हणजे दख्खनच्या पठाराची उत्तरेकडची कड. दक्षिणेच्या बाजूनं जमीन इतकी हळूहळू चढत जाते की चढ जाणवतच नाही. आणि अजिंठा गाव ओलांडून घाटाच्या तोंडाशी गेलं की एकदम पायाखालचा खानदेश दिसतो. डोंगराचा दरारा सगळा तिकडच्या अंगाला. इकडच्या लोकांच्या वाट्याला त्याचा उतार आला आणि त्या उतारावरून येणारं पाणी.

पाण्याची वाटणी याच माथ्यावर होते. लेण्यांच्या कुशीतून जाणारी वाघूर उत्तरेला तापीकडं धावते आणि अरबी समुद्राला मिळते. पूर्णा, केळणा, जुई या दक्षिणेच्या बाजूला उतरतात. पूर्णा नावाच्या दोन नद्या असल्यानं घोटाळा होतो. अकोल्याकडची तापीला मिळते, ही मात्र परभणी जिल्ह्यात जाऊन गोदावरीत शिरते. म्हणजे माथ्यावर एका बांधाच्या अलीकडं पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराकडं निघतो आणि पलीकडं पडलेला खंबायतच्या आखाताकडं.

भोकरदन केळणेच्या काठावर आहे. पुढं जाफराबादला केळणा पूर्णेत मिसळते. मी गेलो तो सप्टेंबरचा शेवट. नदीला गढूळ, पण बऱ्यापैकी धार होती. पुलावर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं आपणहून सांगितलं, "आता बघून घ्या पावणे. संक्रांत झाली का नुसती वाळू." गावच्या नळाला येणारं पाणी दानापूरच्या जुई धरणाचं. धरण भरलं की वर्ष निघतं. नाही भरलं की उन्हाळ्यात टँकरच्या मागं हंडे लागतात आणि तेव्हा या शांत गावात भरपूर भांडणं होतात.

पांढरीच्या पोटात

जुन्या गावाचा भाग उंचवट्यावर आहे. मराठीत अशा जागेला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षं माणसांनी राहून, घरं पाडून, पुन्हा बांधून, चुलीतली राख टाकून तयार झालेली पांढरट माती. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर हीच माती पसरत, कारण ती पाणी धरत नाही आणि भेगाळत नाही. त्यामुळे गावोगावच्या पांढऱ्या लोकांनी खणून नेल्या आणि त्यांच्याबरोबर खापरं, मणी, नाणीही धाब्यावर जाऊन बसली. पुरातत्त्ववाल्यांच्या आधी आपल्याकडं पावसाळ्याच्या तोंडी गवंडीच उत्खनन करून मोकळे झालेले असतात.

भोकरदनच्या पांढरीत मात्र शास्त्रशुद्ध खणती झाली. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. सातवाहन काळातलं भरभराटीचं गाव हाती आलं. मौल्यवान दगडांचे मणी, शंखाच्या वस्तू, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, नाणी. आणि हस्तिदंतात कोरलेली एक स्त्री, शेजारी दासी, अंगभर दागिने.

या बाईला एक बहीण आहे. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या एका घरात सुमारे चोवीस सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अशाच दोन दासी, असेच दागिने. व्हेसुव्हियसच्या राखेत पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये गाडलं गेलं. म्हणजे मूर्ती त्याआधी तिथं पोचलेली. तिला "पॉम्पेईची लक्ष्मी" असं नाव पडलं आणि ती मथुरेकडची असावी असा अंदाज बरीच वर्षं चालला. भोकरदनची मूर्ती सापडल्यावर तो मागं पडला. तेरलाही याच घडणीची मूर्ती मिळाली आहे. आता बरेच अभ्यासक मानतात की पॉम्पेईची मूर्ती याच मुलखातल्या, कदाचित भोकरदनच्याच, कारागिरांच्या हातची.

हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण नकाशा पुढं घेतला की सरळ होतं. दक्षिणेला पैठण, म्हणजे सातवाहनांची राजधानी. उत्तरेला अजिंठ्याचे घाट आणि त्यापलीकडं उज्जैनची वाट. पैठणहून निघालेल्या तांड्यानं घाट चढण्याआधी बैल सोडायचे कुठं? पाणी असलेल्या, चारा असलेल्या, माल विकता येईल अशा मुक्कामी. केळणेला पाणी होतं आणि माळावर चारा होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वाटाड्यानं लिहून ठेवलंय की पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर घालून भडोचच्या बंदराला नेत. भोकरदनचं नाव त्यानं घेतलेलं नाही. पण सांचीच्या स्तूपावर ज्यांनी दान दिलं आणि नाव कोरून घेतलं त्यांच्यात 'भोगवधन'चे, म्हणजे भोकरदनचेच, रहिवासी आहेत, आणि मार्कंडेय पुराणात दक्षिणेकडच्या जनपदांच्या यादीत अश्मक, विदर्भ, कुंतल यांच्या रांगेत भोगवर्धन येतं. त्या काळी सांचीला जाऊन दगडावर नाव घालायचं तर खिशात काही असावं लागे.

नदीकाठी खडकात कोरलेली लेणीही आहेत, विष्णूची. अजिंठ्याच्या मानानं लहान आणि झिजलेली. तिथं मला दोन शाळकरी पोरं भेटली. दप्तरं पायरीवर टाकून निवांत पेरू खात बसली होती. शाळा कुठं आहे विचारल्यावर त्यांनी अत्यंत मोघम दिशा दाखवली.

दोन नद्यांच्या मधलं रान

भोकरदनच्या पूर्वेला, जाफराबादच्या वाटेवरच्या मुलखात असई आहे. इंग्रजी पुस्तकांत हे गाव फार मोठं आहे. प्रत्यक्षात ते चारचौघांसारखं खेडं आहे. पार, मारुती, रेशनचं दुकान, सोयाबीनच्या गंजी. एका अंगाला केळणा, दुसऱ्या अंगाला जुई, आणि दोघी एकमेकींना मिळण्याआधी मध्ये निमुळती होत जाणारी जमीन.

२३ सप्टेंबर १८०३ या दिवशी या जमिनीवर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांचं सैन्य उतरलं होतं. कवायती पायदळ हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली, शिवाय बेगम समरूच्या पलटणी, तोफा शंभराच्या घरात, आणि घोडदळ मोजू नये इतकं. समोर इंग्रजांचा चौतीस वर्षांचा सेनानी आर्थर वेलस्ली. पहाटेपासून चालून दमलेलं त्याचं सैन्य नळणीजवळ आलं तेव्हा त्याला कळलं की मराठे आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी जवळ आहेत. लढाईला त्याच्याजवळ स्वतःची साडेचार हजारांच्या आसपास माणसं होती आणि म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार.

इथं मला लढाईपेक्षा एका गोष्टीत रस आहे. केळणेला उतार कुठं आहे, हे वाटाड्यांना विचारलं तर ते म्हणाले, जवळपास नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून बघितलं. नदीच्या अलीकडं पिंपळगाव, पलीकडं बरोबर समोर वरूड. दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे त्यांच्यात येणं-जाणं असणार, आणि येणं-जाणं असेल तर उतारही असणार. अंदाज खरा ठरला. तिथून त्यानं सैन्य पलीकडं नेलं, मराठ्यांच्या डाव्या बगलेवर. तोफेच्या एका गोळ्यानं शेजारच्या स्वाराचं डोकं उडालं तेव्हा वेलस्ली नदीच्या पाण्यातच होता.

कुठलीही म्हातारी बाई हे गणित चुटकीसरशी सांगेल. समोरासमोरच्या गावांत सोयरीक असते, बाजार असतो, जत्रा असते. नदी कुठं ओलांडायची हे म्हशींनाही ठाऊक असतं. मराठ्यांच्या बाजूनं हा उतार राखायचं कुणाला कसं सुचलं नाही, याचं मला अजून कोडं आहे. पोलमननं मात्र आख्खी फळी पाहता पाहता वळवून नव्या दिशेला तोंड केलं, आणि ती कवायत बघून वेलस्लीही चकित झाला. पुढं जे झालं ते उघड्यावर झालं, कारण आडोसाच नव्हता. संध्याकाळपर्यंत इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांवर मेले किंवा जखमी झाले. असईच्या तटापाशी भरकटलेली चौऱ्याहत्तरावी पलटण जवळजवळ संपली. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. वॉटर्लू जिंकलेला हा माणूस म्हातारपणीही सांगत असे की लढाई म्हणून आपली सर्वांत चांगली कामगिरी असईची. आजही भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर हत्ती आहे, तो असईचाच.

जखमींना अजिंठ्याच्या कोटात हलवण्यात आलं. शिंद्यांचं उरलेलं सैन्य त्याच घाटानं उत्तरेला उतरलं. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, जालन्यासकट, हातातून गेला. तो निजामाला मिळाला. मराठवाड्याचा हा कोपरा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला, त्याचं एक मूळ या सोयाबीनच्या शेतात आहे.

बर्नार्ड कॉर्नवेलची १९९८ सालची एक कादंबरी या लढाईवर बेतलेली आहे. ती वाचून अधूनमधून एखादा गोरा पाहुणा येतो, नदीच्या कडेनं फिरतो, फोटो काढतो. नांगरताना गोळे सापडल्याच्या गोष्टी गावात ऐकायला मिळतात. आपल्याकडून मुद्दाम बघायला कोण येतं, असं मी पारावर विचारलं. "परीक्षेवाले पोरं येतेत कधी कधी," एक जण म्हणाला. एमपीएससीला प्रश्न येतो म्हणून.

गवताची किंमत

आता माळाविषयी. असईहून परत येताना रस्त्याच्या वरच्या अंगाला एक गायरान लागलं. मेंढरांचा कळप, दोन कुत्री आणि खांद्यावर घोंगडं टाकलेला एक धनगर. दिवसभर मेंढरं माळावर चारायची, रात्री कुणाच्या तरी शेतात बसवायची. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो, कारण रात्रभरात पडलेल्या लेंड्या आणि मुताचं खत युरियाच्या पोत्यात मिळत नाही. मका-सोयाबीन निघून रान रिकामं झालं की या बोलण्यांना जोर येतो. कुणाच्या शेतात कधी बसायचं, हे फोनवर ठरतं.

पायाखालचं गवत मी त्याला विचारत गेलो आणि तो सांगत गेला. हे पवन्या, हे मारवेल, ही कुसळी. मारवेल सगळ्यात गोड, पण ते बांधाकडेला आणि ओलीला. उघड्या बरडावर कुसळीचं राज्य. "पोटरीत हाय तवर मेंढरू खातं. कुसळ धरलं का मंग तोंडात टोचतं, कातड्यात घुसतं." माझ्या मोज्यांकडं बघून तो हसला. मोजे कुसळांनी भरले होते.

एक कुसळ मी उपटून तळहातावर घेतलं. टोकाला टाचणीसारखं अणकुचीदार बी, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस, आणि मागं पीळ दिलेली लांब, काळपट शेपटी, मध्ये कोपरासारखी वाकलेली. धनगर म्हणाला, थुंकी लावा. लावली. थोड्या वेळानं शेपटीचा पीळ उलगडायला लागला आणि ती आपोआप गोल फिरू लागली. वाळली की पीळ पुन्हा बसतो. दंव पडतं, ऊन पडतं, पुन्हा दंव. प्रत्येक फेऱ्याला बी मातीत थोडं आत जातं आणि उलट्या केसांमुळे परत वर येत नाही. जमिनीला फाळ लागला नाही तरी हे गवत स्वतःला पेरून घेतं. पावसाळाभर चारा देतं, वैशाखात जळून गेल्यासारखं दिसतं आणि पहिल्या पावसाला मुळापासून फुटतं.

सरकारी कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणायची पद्धत इंग्रजांच्या महसूलखात्यापासूनची. ज्यातून सारा येत नाही ते पडीक. मग ती सुधारायची म्हणजे तिथं झाडं लावायची. उघडा माळ म्हणजे कधीकाळी तोडलेलं जंगल, अशी आपलीही शाळेपासून समजूत असते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये एक छान काम प्रसिद्ध केलं. त्यांनी महानुभाव वाङ्मयापासूनच्या जुन्या मराठी साहित्यात, लोककथांत आणि ओव्यांत कोणती झाडं येतात ते शोधलं. बाभूळ, पळस, हिवर अशी उघड्या रानातलीच झाडं तिथं वारंवार भेटली. सात-साडेसातशे वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरचे माळ माळच होते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. अजिंठ्याच्या अलीकडच्या या कमी पावसाच्या उतारावर गवत हाच मूळ रहिवासी वाटतो.

गायरानाचं दुसरं एक वास्तव आहे आणि ते गवताइतकं सरळ नाही. गावाच्या सामाईक जमिनीवर जनावर चारायचा हक्क ज्याच्याकडं जनावर आहे त्याला. ज्याच्याकडं जनावरही नाही आणि जमीनही नाही, त्यानं काय करायचं? दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव दलित कुटुंबांनी गायरानं कसायला घेतली. मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. १९७८ ते १९९० या काळातली अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय १९९१ मध्ये झाला, तरी सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी पुष्कळ जण अजून खेटे घालत आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा म्हटलं, तेव्हा दोन एकरवाला आणि बंगलेवाला एकाच यादीत आला. आता सौर कृषी वाहिनीसाठी गायरानं भाड्यानं दिली जात आहेत. शेतीला दिवसा वीज मिळणार असेल तर त्याला नाही कोण म्हणणार? पण तारेचं कुंपण पडतं ते नेमकं मेंढरांच्या वाटेत.

अंधार पडायच्या आधी एक रोह्यांचा कळप मक्यात शिरताना दिसला. इकडं नीलगाईला रोही म्हणतात. शेतकरी त्यांच्यावर जाम चिडलेला असतो, रात्री डबे वाजवत जागतो. माळ आक्रसत गेला, त्याचं व्याज ही जनावरं मक्यातून वसूल करतात.

दुपारचं गाव, संध्याकाळचा बाजार

भोकरदनमधली दुपार मला आवडली. एक ते चार दुकानदार गल्ल्याशीच पेंगतात. कापडवाल्याच्या गादीवर मांजर झोपलेलं. झेरॉक्सच्या दुकानात पीकविम्याची रांग, तीही बसलेली. शांत म्हणजे आवाज नाही असं कुणी समजू नये; वरातीतला डीजे इथंही खिडक्यांची तावदानं हलवतो आणि बाजाराच्या दिवशी रस्त्यावरून मोटारसायकल ढकलत न्यावी लागते. पण घाई कुणाला नसते. चहा सांगितला की आधी माणूस कुठला, कुणाचा पाहुणा, हे ठरतं. मग पातेलं चुलीवर चढतं.

ज्यांना तालुक्याची खरी नाडी बघायची असेल त्यांनी पिंपळगाव रेणुकाईला जावं. हा हिरव्या मिरचीचा बाजार. एप्रिलमध्ये लोक ठिबकवर आणि मल्चिंगवर मिरची लावतात. पावसाच्या तोंडावर तोडा सुरू होतो आणि गाव रात्री जागं राहायला लागतं. दिवसा तोडायची, संध्याकाळी पोती भरून आणायची, काट्यावर घालायची, व्यापारी रातोरात ट्रक भरतात. माल परराज्यात जातो, आखाती देशांतही जातो. मी गेलो तेव्हा हंगाम उतरणीला होता, तरी काट्याभोवती गर्दी होती. ढिगात हात घालून एक व्यापारी मिरची मोडायचा, कान देऊन ऐकायचा. मिरची कडक आवाज करून मोडली तर ती लांबच्या प्रवासाची; नुसती वाकली तर जवळच्या मंडईची. भाव त्या आवाजावर ठरत होता.

दुसरा धंदा याहून शांतपणे चालतो. भोकरदन-जाफराबादकडं रस्त्यावरून जाताना शेतात हिरव्या-पांढऱ्या जाळीचे मांडव दिसतात. ही शेडनेटं. जालना ही बियाण्यांची राजधानी झाली ती बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली तेव्हापासून. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कंपन्यांसाठी टोमॅटो, मिरचीचं संकरित बी या जाळ्यांत तयार होतं आणि ते तयार करतात बायका. संध्याकाळी मादी-ओळीतली उद्या उमलणारी कळी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे. सकाळी नर-झाडाचा पराग बोटातल्या छोट्या अंगठीसारख्या वाटीत घेऊन त्यात स्त्रीकेसराचं टोक बुडवायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. एक बाई माझ्याशी बोलता बोलता काम करत होती. कळी फाटली तर फळ गेलं, पुंकेसर राहिला तर बियाची शुद्धता गेली आणि तपासणीत लॉट नापास. तिची नजर एकदाही कळीवरून हलली नाही. मजुरी मात्र दिवसाची, कळीची नाही. पॉम्पेईच्या बाईचे दागिने कोरणाऱ्या हातांशी या हातांचं काही नातं आहे असलं काव्य मी करणार नाही, पण कसब त्याच तोडीचं आहे.

भोकरदन तालुक्यातच, अजिंठ्याच्या रस्त्याकडं, अन्व्याचं देऊळ आहे. बाराव्या शतकातलं. आत महादेव, पण देऊळ मूळ विष्णूचं असावं, कारण बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या रूपांच्या शक्ती, हातात शंख-चक्र-गदा-पद्म घेतलेल्या स्त्रिया, ओळीनं उभ्या आहेत. असा संच महाराष्ट्रात क्वचितच बघायला मिळतो. अजिंठ्याला जाणाऱ्या हजारांतला एखादाच इकडं वळतो. वळा.

१७४ किलोमीटर

वाट पहिल्यांदा केव्हा सरकली ते नेमकं सांगता येत नाही. राजधान्या बदलल्या, बंदरं बदलली, तांडे दुसरीकडून जाऊ लागले. शेवटचं सरकणं मात्र रुळांवरून झालं. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात हैदराबादहून मनमाडकडं गोदावरी खोऱ्यातून मीटरगेज आलं. ते जालन्यावरून गेलं. कापूस, व्यापारी, गिरण्या तिकडं गोळा झाल्या आणि डोंगराकडची गावं मागं राहिली. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा भोकरदनला जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं, इतकाच फरक. समृद्धी महामार्गही जालना-बदनापूरमधून गेला.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. आखणी राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा अशी. नकाशावर बोट ठेवून बघा : पैठणकडून येऊन अजिंठ्याच्या घाटानं उतरणारी ती जुनी वाट जवळपास हीच. चहाच्या टपरीवर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं या एका विषयावर एकमताची होती. मिरची रात्रीत सुरतला पोचेल, पोरं शिकायला जळगावला जाऊन येतील, लेण्यांचे प्रवासी उतरतील. यातलं काहीही खोटं नाही. शांततेचं कौतुक माझ्यासारख्या दोन दिवसांच्या पाहुण्यानं करावं. ज्याचा मुलगा कामासाठी पुण्याला गेला आणि फक्त पोळ्याला येतो, त्याला ते ऐकवू नये.

तेव्हा रेल्वे यावी. मागणी एवढीच आहे की जमीन मोजणी होईल तेव्हा गायरान "सरकारी पडीक" या एका शब्दात गुंडाळलं जाऊ नये. सरकारी जागा स्वस्त पडते, मोबदल्याचा वाद नसतो, म्हणून स्थानक, गोदाम, भराव, खडीची खाण हे सगळं आधी माळावरच येऊन पडतं. कुठल्या गावच्या गायरानात कुणाची मेंढरं चरतात, कोणतं कुटुंब किती वर्षं कसतं आणि मेंढरांची वाट कुठून जाते, याची नोंद ग्रामसभांनी आत्ताच ठरावानं करून ठेवावी आणि रुळाखालून तेवढे बोगदे मागून घ्यावेत. हे काम भूसंपादनाची नोटीस निघण्याआधी करायचं असतं. नोटीस निघाल्यावर तहसीलमध्ये फक्त हरकती घेतात.